कुस्कोची दमछाक, गालापागोसचे पेरू : अनुभव, शंका, वाद सगळं चालेल

रानवाट
शनिवार, रात्री १०:१२

लिहीन लिहीन म्हणत होते, गणपती गेल्यावर आज कुठे वेळ मिळाला. मागच्या मे-जूनमध्ये मी आणि नवरा पेरू आणि इक्वाडोरला २४ दिवस भटकून आलो. मी ५४, तो ५८. दोघांचे मिळून गुडघे चार, त्यातले चालू अडीच. सह्याद्रीत तीस वर्षं पायपीट केलेली, त्यामुळे थोडा माज होता. तो कुस्कोत पहिल्याच रात्री उतरला.

लीमा समुद्रकाठी, कुस्को ३४०० मीटरवर, विमानाने जेमतेम सव्वा तास. म्हणजे नाश्ता गिरगाव चौपाटीवर आणि जेवण एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवून तिच्याही शंभर मीटर वर. पहिल्या दिवशी काहीही करू नका, असं सगळ्यांनी बजावलं होतं. नवरोबांना चार वाजताच हुरूप आला. "इथे मागेच तर आहे" म्हणत साक्सायवामान, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या इंकांचा दगडी किल्ला, चढायला निघाले, मीही मागोमाग.

ती जागा मात्र बघाच. नागमोडी, एकावर एक तीन भिंती, आणि सर्वांत खालच्या रांगेतले काही दगड शंभर टनांच्या वर. मध्ये चुना नाही, माती नाही. दोन दगडांमध्ये सुरीचं पातं जात नाही हे वाक्य तिथला प्रत्येक गाईड म्हणतो, म्हणून मी मुद्दाम डोक्यातला आकडा काढून घालून पाहिला. नाही गेला. दगडाच्या कडा आतल्या बाजूला किंचित गोल वळवल्यात, उशीसारख्या. उन्हं कलली की सांध्यांत सावली साठते आणि सबंध भिंत फुगल्यासारखी दिसते. फोटोत हे येत नाही.

रात्री नवऱ्याचं डोकं असं दुखायला लागलं की बोलता येईना. दोन उलट्या. हॉटेलवाल्यांना हे रोजचंच असावं, कारण पोरगा निवांतपणे ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत घेऊन आला. दुसरा अख्खा दिवस कोकाच्या पानांचा चहा आणि पांघरूण. तेव्हा पहिला सल्ला: कुस्को विमानतळावरून थेट खाली ओयांतायतांबोला उतरा. ते २८०० मीटरवर आहे. दोन-तीन रात्री तिथे काढा, कुस्को शेवटी करा.

दुसरा घोळ माझा. इंका वाटेचा, म्हणजे माचूपिच्चू या इंकांच्या जुन्या गावाला चालत जायच्या रस्त्याचा, परवाना पासपोर्टच्या नंबरावर निघतो. आम्ही सात महिने आधी काढला आणि मध्येच मी पासपोर्ट नवा करून घेतला. जुना, कोपरा कापलेला, ठाण्याला कपाटात. वाटेवर निघायच्या दोन दिवस आधी हे लक्षात आलं. मुलीने पहाटे उठून फोटो पाठवले, एजंटच्या पोराने फेऱ्या मारल्या, एक दिवस पाण्यात गेला, पण काम झालं. पासपोर्ट बदलला असेल तर जुनाही बरोबर ठेवा.

वाट साधारण ४२ किलोमीटरची, चार दिवसांची. रेल्वेच्या ८२व्या किलोमीटरपासून सुरू होते. दिवसाला जास्तीत जास्त ५०० माणसं, तीही गाईड आणि हमाल धरून, म्हणजे प्रवासी जेमतेम दोनशे. फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी बंद. दुसऱ्या दिवशीची खिंड ४२१५ मीटरवर. तिचं नाव 'वार्मिवान्युस्का', म्हणजे मेलेली बाई. खालून पाहिलं तर डोंगराची कड आडव्या पडलेल्या बाईसारखी दिसते. शेवटच्या तासाभरात माझी वीस पावलं, थांबा, वीस पावलं, थांबा अशी गत होती. त्या वेळी नाव अगदी समर्पक वाटलं.

आणि माझ्या शेजारून पाठीवर तंबू, सिलिंडर, आमची भांडी घेतलेले हमाल पळत पुढे जात होते. पळत! पायात टायरच्या रबराच्या चपला, गालात कोकाच्या पानांचा गोळा. नाक्यावर त्यांची ओझी वजनकाट्यावर लावतात, कायद्याने २० किलोच्या वर चालत नाही. आमच्यातला एक हमाल साठीचा होता. मी त्याला पाणी देऊ केलं तर त्याने मलाच हात दिला.

चढ फुफ्फुसांचा, उतार गुडघ्यांचा. खिंडीपलीकडे दगडी पायऱ्यांचा जो उतार लागतो, तिथे आमचे उरलेले अडीच गुडघे दीडवर आले. चौथ्या दिवशी पहाटे 'इंती पुंकू', सूर्यदरवाजा. समोर नुसतं धुकं. अर्धा तास पांढऱ्या भिंतीकडे बघत बसलो आणि मग एका बाजूने पडदा ओढल्यासारखं माचूपिच्चू उघडलं. याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, म्हणून जास्त लिहीत नाही. एवढंच की गाव उंचावर असेल असं वाटतं, पण आपण वरून खाली येतो. ते २४३० मीटरवर, कुस्कोच्या हजार मीटर खाली आहे. तिथे पोचल्यावर श्वास परत मिळाला.

गालापागोस बेटांबद्दल उद्या लिहिते. डोळे मिटतायत.

चिंचोके
शनिवार, रात्री ११:०५

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत! वाचनखूण साठवली. अडीच गुडघ्यांना दंडवत.

निवांत_पाटील
रविवार, सकाळी ७:३०

छान लिहिलंय ताई. पण एक विचारतो, चिडू नका. शंभर टनांचे दगड, लोखंड नाही, चाक नाही, घोडा-बैल नाही, लिपी नाही. आणि आकडा जाणार नाही असे सांधे? हे माणसाने केलं यावर माझा तरी विश्वास बसत नाही. परग्रहावरचे सोडा, पण काहीतरी हरवलेलं तंत्रज्ञान असणारच.

खडूफळा
रविवार, सकाळी ९:४८

पाटीलसाहेब, सिव्हिलवाला आहे म्हणून राहवत नाही. ओयांतायतांबोच्या देवळाचे दगड नदीपलीकडच्या खाणीतून आणलेत, आणि खाण ते देऊळ या रस्त्यावर मध्येच सोडून दिलेले प्रचंड दगड आजही पडलेले आहेत. लोक त्यांना 'थकलेले दगड' म्हणतात. परग्रहवासी असे थकले असते का? तिथे गोल, कठीण दगडांचे हातोडे सापडले आहेत. झां-पिएर प्रोत्झेन नावाच्या वास्तुविशारदाने १९८०च्या दशकात तसेच हातोडे घेऊन स्वतः दगड घडवून दाखवले. ठोकत बसायचं, लावून बघायचं, उचलायचं, परत ठोकायचं. तंत्रज्ञान हरवलेलं नाही, आपल्याकडचा वेळ हरवला आहे. हजारो माणसं पाळीपाळीने राज्याच्या कामावर बोलावायची पद्धत होती, 'मिता' म्हणायचे. कर पैशात नाही, अंगमेहनतीत. आणि लिपी नसली तरी 'किपू' होते, गाठी मारलेले दोर, दशमान पद्धतीने हिशेब ठेवणारे.

मला विचाराल तर माचूपिच्चूतली भारी गोष्ट भिंती नाहीत, गटारं आहेत. हसू नका. केनेथ राइट नावाच्या जलअभियंत्याने तिथे बरीच वर्षं काम केलं. त्यांचा अंदाज असा की एकूण बांधकामाचा सुमारे ६० टक्के भाग जमिनीखाली आहे: पाया आणि निचरा. पायऱ्यापायऱ्यांची जी शेतं दिसतात, त्यांत तळाला मोठे दगड, मग खडी, मग वाळूमिश्रित थर आणि वर सुपीक माती. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे, तोही डोंगराच्या धारेवर. निचरा नसता तर गाव पंधराव्या शतकातच दरीत गेलं असतं. झऱ्याचं पाणी कालव्याने आणून एकाखाली एक १६ कारंजी काढलीत. आपल्या सोसायटीत दुसऱ्या पावसाळ्याला पार्किंग तुंबतं.

भूकंपाचंही सांगतो. भिंती आत झुकलेल्या, दारं-खिडक्या वर अरुंद खाली रुंद. कुस्कोत कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या भिंतींवर स्पॅनिशांनी मठ बांधला. १९५०च्या भूकंपात मठाची पडझड झाली, खालच्या इंका भिंती जागच्या जागी.

निवांत_पाटील
रविवार, सकाळी १०:१५

गटारांवर निरुत्तर. :)

फुलपात्र
रविवार, दुपारी १:२०

रानवाटताई, मुख्य प्रश्न: शाकाहारी माणसाचं काय होतं तिथे? माझ्या सासूबाई बरोबर येणार म्हणतायत, आणि त्यांची चतुर्थी-एकादशी काही चुकत नाही.

रानवाट
रविवार, दुपारी ४:३३

फुलपात्र, सासूबाईंना डोळे मिटून न्या. उपासाचं ताट डोळ्यांसमोर आणा. बटाटा अँडीजचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावाही तिकडचाच. मिरची तिकडची. राजगिऱ्याचा सख्खा भाऊ कुस्कोच्या बाजारात 'किविचा' म्हणून पोत्याने विकतात, त्याच्या गुळासारख्या पाकातल्या वड्यासुद्धा मिळतात! आपली एकादशी म्हणजे इंकांचं रोजचं जेवण. बाजारात बटाट्याचे इतके रंग होते की मी जांभळा, पिवळा, आतून लाल चक्रं असलेला असे उगाच हातात घेऊन बसले. भाजीवाल्या आजीने शेवटी टोपली माझ्यापुढून ओढून घेतली.

एक खबरदारी. 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको, असं सांगितलं की ते खुशाल कोंबडी घालतात, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी लाल मांस. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' असा पूर्ण मंत्र म्हणायचा. आणि रस्त्यावर काठीला लावून भाजलेलं काही दिसलं तर सासूबाईंचं लक्ष दुसरीकडे वळवा. ते 'कुई', म्हणजे गिनीपिग. कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाचं अठराव्या शतकातलं मोठं चित्र आहे, त्यात ताटात हाच कुई उताणा पडलाय.

आता गालापागोस.

इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर. विमान किटो किंवा ग्वायाकिलहून. चढायच्या आधी सामान तपासतात, बॉम्बसाठी नाही, बियांसाठी. फळ, बी, माती, लाकूड काही चालत नाही. माझी बडीशेपेची डबी गेली. अधिकारी बाईने झाकण उघडून वास घेतला, "सेमियास" (बिया) म्हणाली आणि डब्यात टाकली. मला राग आला होता. तो दोन दिवसांनी गेला, का ते सांगते.

सांता क्रूझ बेटाच्या वरच्या भागात, जिथे सतत बारीक धुकं असतं, तिथे राक्षसी कासवं मोकळी फिरतात. कंबरेएवढी उंच. दोन मीटर लांब राहायचा नियम आहे, आम्ही वाटेतच थांबलो. एक कासव गवतातून मान लांब करून काहीतरी चावत होतं, मचक मचक. ओल्या, आंबट-गोड वासावरून मी ओळखलं. पेरू! झाडाखाली पिवळ्या पेरूंचा सडा पडला होता आणि हे महाराज एकेक उचलत होते. बिया त्याच्या हनुवटीला चिकटलेल्या, गुलाबी गर ओठांवरून ओघळत होता. मला आमच्या आजोळच्या परसाची इतकी आठवण झाली की डोळ्यांत पाणी आलं.

गाईडचं तोंड मात्र कडू. म्हणाला, ही आमच्याकडची सर्वांत वाईट झाडं. वस्ती करायला आलेल्या लोकांनी पेरू आणला, तो माजला आणि बेटावरची मूळची झाडं त्याने दाबून टाकली. कासव पेरू खातं, मैलोगणती चालतं आणि विष्ठेतून बिया पेरत जातं. म्हणजे ज्याला वाचवायचं तोच शत्रूचं बी पेरतोय. तेव्हा बडीशेप माफ केली.

समुद्री इग्वाना: काळ्या लाव्हावर काळे, ढिगाने, एकमेकांच्या अंगावर. पाय ठेवताना बघावं लागतं. समुद्रात उतरून शेवाळ खाणारा जगातला हा एकच सरडा, आणि जास्तीचं मीठ नाकातून फवाऱ्याने शिंकून टाकतो. माझ्या चष्म्यावर आलं थोडं. डोक्यावर पांढरी मिठाची टोपी झालेली असते प्रत्येकाच्या. निळ्या पायांचे बूबी पक्षी उत्तर सेमूर बेटावर वाटेतच नाच करतात, एक पाय वर, दुसरा पाय वर, "बघ माझे पाय" अशा थाटात. आपल्याला वळसा घालून जावं लागतं, ते हलत नाहीत. पुएर्तो आयोराच्या मासळीबाजारात सीलसारखा सागरी सिंह कोळिणीच्या मागे मांजरासारखा उभा. ती मासे कापता कापता कोपराने त्याला ढकलत होती. भाऊच्या धक्क्यावर असं दृश्य असतं तर काय बहार आली असती.

वाईट भाग: बेटाबेटांमधल्या वेगवान बोटी. दोन तास, पाठीचा कणा मोजून घ्या. मागच्या बाजूला बसा, सकाळी कोरडी पोळी खा, पुढे बसलेल्या हौशी लोकांकडे बघू नका.

अटकेपार_जोशी
रविवार, रात्री ११:५० (न्यू जर्सी)

सुंदर वर्णन. पण रानवाट, तुम्ही जमिनीवर राहून दिवसाच्या सहली केल्यात, तर खरं गालापागोस हुकलं असं माझं स्पष्ट मत. आम्ही फेब्रुवारीत आठ दिवसांच्या बोटीवर होतो, १६ प्रवासी. फर्नांदिना बेट, उडता न येणारे पाणकावळे, विषुववृत्ताच्या उत्तरेलासुद्धा सापडणारा एकमेव रानटी पेंग्विन, हे सगळं बोटीमुळे नीट पाहता आलं. रात्रभर बोट चालते, सकाळी नव्या बेटावर. नियमही कडक: एका बोटीवर जास्तीत जास्त १०० प्रवासी, गाईडशिवाय उतरता येत नाही, आणि एकाच ठिकाणी तीच बोट १४ दिवसांत परत येऊ शकत नाही.

रानवाट
सोमवार, सकाळी ८:०२

जोशी, हुकलं ते हुकलं, मान्य. पण तुमच्या आठ दिवसांच्या पैशात आमचे दोघांचे अकरा दिवस झाले, विमानासकट. आणि बेटांवर तीसेक हजार माणसं राहतात हे बोटीवरून कळत नाही. आमच्या खानावळीच्या बाई मूळच्या डोंगरातल्या, किचुआ बोलणाऱ्या. म्हणजे इंकांची भाषा तिथे बेटावर, पोळ्या लाटताना. (पोळ्या नव्हे, पण तशाच काहीतरी.)

शिळाप्रेस
सोमवार, सकाळी ११:२६

इंका आणि गालापागोसच्या नात्यावर एक अवांतर. १५३२ला स्पॅनिश सेनानी पिझारोने काहामार्का गावात इंका सम्राट आतावाल्पाला पकडलं, खोलीभर सोनं खंडणी घेतली आणि १५३३ला मारून टाकलं. मग लुटीवरून आणि मुलखावरून पिझारो आणि त्याचा जोडीदार आल्माग्रो यांच्यात जुंपली. ते भांडण मिटवायला पनामाचे बिशप तोमास दे बेर्लांगा यांना धाडलं. वाटेत वारा पडला, जहाज प्रवाहाबरोबर वाहत गेलं आणि १० मार्च १५३५ला या बेटांना लागलं. प्यायला पाणी मिळेना, तेव्हा खलाशांनी निवडुंग चावून रस काढला. बिशपने राजाला लिहिलं त्याचा मथितार्थ असा की देवाने इथे दगडांचा पाऊस पाडलाय आणि पक्षी इतके बावळट आहेत की हाताने धरता येतात. म्हणजे कुस्कोच्या वाटणीचं भांडण नसतं तर निदान त्या वर्षी तरी गालापागोस नकाशावर आलं नसतं. पुढे ठीक ३०० वर्षांनी, १८३५ला, डार्विन आला आणि पाच आठवडे राहिला.

तुपाक इंका युपांकी या सम्राटाने तराफ्यांवरून ही बेटं आधीच गाठली होती, अशी एक कथा स्पॅनिश बखरींवरून सांगतात. ऐकायला छान आहे. बेटांवर स्पॅनिशांच्या आधीच्या वस्तीचा ठोस पुरावा मात्र नाही.

चिंचोके
सोमवार, दुपारी १२:०१

"पक्षी बावळट" हे बिशपचं मत. उलट बघितलं तर दोन पायांच्या प्राण्यावर विश्वास ठेवणं हा बावळटपणा पक्ष्यांना चांगलाच महाग पडला. कासवांना तर देवमाशांच्या शिकारी जहाजांवर जिवंत उताणी रचून न्यायचे, महिनोन्‌महिने अन्नपाण्यावाचून टिकतात म्हणून.

गवळण_वाडी
सोमवार, संध्याकाळी ७:४४

मी एक माहितीपट पाहिला होता. तिथे कासवांसाठी हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून हजारो शेळ्या मारल्या म्हणे. हे खरं आहे का? आमच्या घरी शेळ्या आहेत. मला दोन दिवस झोप लागली नाही.

खडूफळा
सोमवार, रात्री ९:१०

खरं आहे. इसाबेला प्रकल्प, साधारण १९९७ ते २००६. मोकाट सुटलेल्या शेळ्या लाखाच्या वर गेल्या होत्या, बेटाचा उत्तर भाग त्यांनी खरवडून काढला, कासवांना सावली राहिली नाही की चारा. शेवटच्या शेळ्या शोधणं अवघड, म्हणून गळ्यात रेडिओचा पट्टा बांधलेली शेळी सोडायचे. शेळीला एकटं राहवत नाही, ती कळप शोधते. तिच्या मागून शिकारी. येशूला पकडून देणाऱ्या शिष्यावरून तिला 'जुदास शेळी' म्हणायचे.

गवळण_वाडी
सोमवार, रात्री ९:३१

तिला सोबत हवी होती म्हणून ती जायची, आणि गेली की सगळे मरायचे. मग तिला पुन्हा सोडायचे. तुमचं शास्त्र बरोबर असेल, मला ते नाव आवडलं नाही. जुदासने पैसे घेतले होते, तिने काय घेतलं?

रानवाट
सोमवार, रात्री १०:२०

गवळण, याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या शेळ्यांनाही माणसांनीच नेऊन सोडलं होतं. पिंता बेटावरच्या कासवांच्या जातीतला शेवटचा, 'एकाकी जॉर्ज', २४ जून २०१२ला गेला. त्याला आता काचेत भरून ठेवलाय सांता क्रूझला. थंड खोलीत पाच-सहा जणांनाच सोडतात. त्याच्या तोंडाच्या कडेला गवताचा हिरवा डाग राहू दिलाय. त्याच्या बेटावरचा चारा शेळ्यांनीच संपवला होता. मी तिथून निघाले तेव्हा शेळ्यांचा विचार माझ्या मनात आला नव्हता, तुमचं वाचून आला.

कमी_बजेट
मंगळवार, दुपारी ३:१५

खर्चाचं कुणी बोलत नाही! गालापागोसची प्रवेश फी किती? आणि एवढे पैसे नसतील तर?

अटकेपार_जोशी
मंगळवार, रात्री ८:४०

ऑगस्ट २०२४पासून परदेशी प्रौढांना २०० डॉलर, आधी १०० होती. शिवाय विमानतळावर वेगळं प्रवासी कार्ड काढावं लागतं. नोटा रोख ठेवा. इक्वाडोरचं चलन डॉलरच आहे, २०००पासून.

पैसे कमी असतील तर पेरूतच लीमाच्या दक्षिणेला पाराकास गाठा. तिथून दोन तासांची बोट बायेस्तास बेटांना वळसा घालून आणते. उतरू देत नाहीत, पण हम्बोल्ट पेंग्विन, सागरी सिंह, बूबी हजारोंनी. वास भयंकर. तो वास म्हणजेच पेरूचा इतिहास: पक्ष्यांची विष्ठा, 'ग्वानो', मूळ इंकांच्या भाषेतला शब्द 'वानू'. इंका ती शेतीला वापरायचे आणि पिल्लांच्या दिवसांत बेटावर पाऊल ठेवणाऱ्याला देहदंड होता, असं गार्सिलासो दे ला वेगा या जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. एकोणिसाव्या शतकात युरोपने याच खतासाठी बेटं खरवडली, आणि जवळची चिंचा बेटं १८६४ला स्पेनने बळकावली, त्यावरून युद्धसुद्धा झालं. चिंचोके, तुमच्या नावाची बेटं आहेत बघा.

चिंचोके
मंगळवार, रात्री ८:५२

विष्ठेवरून युद्ध, आणि नाव आमचं. कृतार्थ झालो.

डॉक्टरीणबाई
मंगळवार, रात्री ९:३०

दोन गोष्टी. एक, पीतज्वराची लस. पेरू, इक्वाडोर दोन्ही पीतज्वराच्या यादीतले देश आहेत, त्यामुळे परत भारतात उतरताना पिवळं कार्ड (लस घेतल्याचा दाखला) मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, कारण कार्ड दहा दिवसांनी लागू होतं. साठीच्या पुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. फुलपात्र, सासूबाईंसाठी हे विशेष.

दोन, उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्स हे औषध काहींना चालतं, सल्फाची अॅलर्जी असेल तर विचारल्याशिवाय नको. आणि कोकाची पानं तिथे प्या, चघळा, पण आठवण म्हणून पिशवीत भरून आणू नका. वाटेत अमेरिकेचा विमानतळ लागला तर महागात पडेल.

फुलपात्र
मंगळवार, रात्री १०:०५

सासूबाई ६७. उद्याच विचारते. त्यांना साबुदाण्याचं सांगितलं तर म्हणाल्या, "मग इतकी वर्षं आपण उपास कशाचा करतोय?"

अटकेपार_जोशी
बुधवार, रात्री ११:१५ (न्यू जर्सी)

आता एक मदत हवी आहे, थोडी लाज वाटून विचारतोय. फ्लोरिआना बेटावर पोस्ट ऑफिस बे म्हणून जागा आहे. देवमाशांच्या शिकारी जहाजांच्या काळापासून तिथे एक पिंप ठेवलंय. खलाशी त्यात पत्रं टाकायचे, घरी परतणारं जहाज ती उचलून न्यायचं. आता प्रवासी पोस्टकार्डं टाकतात, तिकीट न लावता. आपण टाकायचं आणि आपल्या गावाजवळचं एखादं उचलून स्वतः हाताने पोचवायचं, अशी रीत.

न्यू जर्सीची दोन होती, ती मी आल्या आल्या पोचवली. पण चाळता चाळता देवनागरी दिसलं! सांगलीचा पत्ता. त्या वाळूत उभ्या उभ्या अंगावर काटा आला, उचललं. आता सात महिने झाले, कार्ड टेबलाच्या खणात. माझं यंदा भारतात येणं रद्द झालंय. टपालाने पाठवायला मन होत नाही, रीत मोडते. माझ्या सासूबाई दिवाळीला पुण्याला जाणार आहेत, त्या कार्ड नेतील. पुढे सांगलीपर्यंत कुणी नेईल का?

कृष्णाकाठची
गुरुवार, सकाळी ६:२५

मी सांगलीचीच. एरवी नुसती वाचते, कधी लिहीत नाही. दिवाळीत भावाकडे पुण्याला जायचंय, तिथून घेईन. सासूबाईंचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अटकेपार_जोशी
गुरुवार, रात्री ९:०० (न्यू जर्सी)

केला! कार्ड चिवड्याच्या रिकाम्या डब्यात ठेवून दिलंय, मुडपायला नको म्हणून.

रानवाट
शुक्रवार, सकाळी ७:५०

जोशी, आता म्हणते, बोटच बरी होती तुमची.

कृष्णाकाठची
(दिवाळीनंतरचा रविवार) दुपारी २:१०

कार्ड पोचवलं. पत्ता जुन्या पद्धतीचा होता, "अमक्या देवळामागे", दोन वेळा चुकले. दार एका आजोबांनी उघडलं. कुठून आले, कशासाठी आले हे मी सांगितलं, त्यांना वाटलं मी काही विकायला आले आहे. मग कार्ड दिलं. चष्मा आत होता, तो आणेपर्यंत मी पायरीवर उभी. नातवाने लिहिलेलं होतं, सव्वादोन वर्षांपूर्वीची तारीख. त्यांनी दोनदा वाचलं, उलटून कासवाचं चित्र पाहिलं, परत वाचलं. म्हणाले, "तो तर मागच्या महिन्यात येऊन गेला की. काही बोलला नाही."

मग चहा झाला. ताईंच्या धाग्यातली कासवाची गोष्ट मी त्यांना सांगितली. निघताना त्यांनी काठीने परसातल्या झाडाचे चार पेरू पाडून पिशवीत घातले. आतून गुलाबीच निघाले.